ड्रमलाइन काढायचीय? ड्रम शेवटी घ्या

शाळेत ड्रमलाइन, म्हणजे एका ठेक्यात ड्रम वाजवणाऱ्या मुलांचं पथक, काढायची म्हटलं की पहिली नजर किमतीकडे जाते आणि विषय तिथेच बारगळतो. पण पहिले दोन-तीन महिने ड्रम लागतच नाहीत. प्रत्येक मुलाला काठ्यांची एक जोडी आणि रबरी सराव-पॅड द्या. पॅड परवडत नसेल तर प्लायच्या तुकड्यावर जुना माउसपॅड चिकटवा, काम भागतं. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करून ठेका देणारा, मोबाइलवर फुकट मिळतो. मिनिटाला 60 च्या ठेक्यावर सगळ्यांच्या काठ्या एकदम पडायला लागल्या, की अवघड भाग झाला म्हणायचा.

मग 20 लिटरच्या प्लास्टिक बादल्या उपड्या घाला. तळाच्या मध्यावर मारलं की धम्म, काठावर मारलं की टक्! बादलीची एक बाजू पायाने जरा उचलून धरा, नाहीतर आवाज आतच कोंडतो. खरं सांगायचं तर नुसत्या बादल्यांचा कार्यक्रमही झक्क होतो, आणि तो बघितल्यावर पालकांचे खिसे थोडे सैल होतात.

जुने ड्रम घेताना फाटक्या पानाला, म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणलेल्या पडद्याला, घाबरू नका, ते बदलता येतं. पान उतरवून ड्रमची कड सपाट टेबलावर टेकवा. खालून उजेड दिसला तर कड वाकलीय, तो सोडून द्या. प्रत्येक स्क्रू फिरवून बघा. ड्रम अडकवायचे खांद्यावरचे पट्टे महाग असतात, ते घेईपर्यंत ड्रम स्टँडवर ठेवून वाजवा.

कानातले फोमचे बोळे मात्र पहिल्या दिवसापासून. तिथे काटकसर नको.