पेनसिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीचा हंगाम बदलून घ्यायचा असेल तर

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणांच्या शिकारीचे दिवस बदलून हवे असतील, तर आमदाराला गाठण्यापूर्वी तो बदल नेमका कोणाच्या अखत्यारीत येतो, हे तपासावे. हंगामाच्या तारखा तेथे विधिमंडळ ठरवत नाही. त्या राज्याचा वन्यजीव आणि शिकारीचा कारभार पाहणारा गेम कमिशन हा आयोग दरवर्षी ठरवतो. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणानंतरच्या सोमवारी बंदुकीचा हंगाम सुरू करण्याची १९६३ पासूनची रीत २०१९ मध्ये मोडली आणि तो शनिवारी सुरू झाला, तोही आयोगाच्या मतदानाने. एवढेच हवे असेल, तर आयोगाच्या बैठकीत म्हणणे मांडावे. विधेयकाच्या खटाटोपात पडू नये.

रविवारची गोष्ट वेगळी होती. त्या दिवशीच्या शिकारीवरची बंदी खुद्द कायद्यात असल्याने विधेयकावाचून गत्यंतर नव्हते. २०१९ च्या कायद्याने फक्त तीन रविवार मोकळे केले, पण दुसऱ्याच्या जमिनीत विनापरवानगी शिरून शिकार करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला आणि खासगी जमिनीवर रविवारी शिकार करण्यासाठी मालकाची लेखी परवानगी सक्तीची केली. शेतकऱ्यांचा विरोध वर्षानुवर्षे आड येत होता, हे लक्षात घेता मला या अटी त्या कायद्याचा खरा कणा वाटतात. म्हणून मसुदा लिहिण्याआधीच जमीनमालकांशी बोलून घ्यावे.

त्यानंतर विधेयक मांडण्यास तयार असलेला आमदार शोधावा. तो इतर सदस्यांना टिपण पाठवून सहप्रायोजक गोळा करतो. पुढे ते समितीकडे जाते आणि बहुतेक विधेयके तिथेच पडून राहतात, त्यामुळे समितीच्या अध्यक्षांकडे पाठपुरावा करण्यात कसूर करू नये. प्रत्येक सभागृहात तीन वेगवेगळ्या दिवशी विचार झाल्यावर प्रतिनिधिगृहात २०३ पैकी १०२ आणि सेनेटमध्ये ५० पैकी २६ मते लागतात. शेवटी गव्हर्नरची सही. हे सारे दोन वर्षांच्या सत्रात उरकले नाही, तर विधेयक बाद होते आणि नव्याने मांडावे लागते.

मसुद्यात ठरावीक तारखा शक्यतो घालू नयेत, कारण कायद्यात कोरलेली तारीख बदलायला पुन्हा कायदाच लागतो. २०२५ मध्ये रविवारची बंदी उठवताना विधिमंडळाने दिवस ठरवण्याचा अधिकार आयोगाकडे सोपवला, तो नमुना समोर ठेवावा. मात्र अशा वेळी गव्हर्नरची सही झाली म्हणून लगेच रानात जाऊ नये. आयोगाने हंगामात तो दिवस जाहीर करेपर्यंत थांबावे लागते.