बटण सेलवर मेंदूचे सिग्नल, घरी जोडलेलं सर्किट

डोक्याच्या त्वचेवर मेंदूचा सिग्नल मिळतो जेमतेम 10 ते 100 मायक्रोव्होल्ट, आणि घरातल्या वायरिंगचा 50 हर्ट्झ त्याच्या कितीतरी पट अंगावर बसलेला असतो, म्हणून पहिलं काम म्हणजे अडॅप्टर विसरा. सगळं सेलवर चालवायचं आणि लॅपटॉप जोडायचाच तर चार्जर काढून, कारण इथे नुसत्या गुणगुणीचा प्रश्न नाही, डोक्याला वायरी लावून माणूस बसलाय! प्रत्येक इलेक्ट्रोडच्या (त्वचेला टेकवायची धातूची चकती) वायरीत 100 किलोओहमचा रेझिस्टर टाका, म्हणजे सर्किट बिघडलं तरी 3 व्होल्टवर 30 मायक्रोअँपच्या वर करंट जात नाही.

आता सेल म्हटला की करंटची कंजुषी आलीच, पण सिग्नल मोठा करणाऱ्या पहिल्या चिपमध्ये (अँप्लिफायरमध्ये) फार कंजुषी केली की नॉइज, म्हणजे चिपची स्वतःची खरखर, वाढतो. मी आधी एडी620 लावलेला, चिप झकास, पण एकटीच मिलिअँपच्या आसपास खाते आणि 3 व्होल्टवर चालतच नाही. मग आयएनए333 घेतला, 50 मायक्रोअँप, 1.8 व्होल्टपर्यंत चालतो.

त्याचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते, 10 च ठेवा (11 किलोओहमचा रेझिस्टर लावायचा). एकदम हजार ठेवायचा मोह होतो पण दोन इलेक्ट्रोडमध्ये डीसीचा (न हलणाऱ्या व्होल्टेजचा) फरक असतो, तो पण हजारपट होतो आणि आउटपुट वर जाऊन चिकटतं. आधी 0.1 मायक्रोफॅरड आणि 3.3 मेगओहमने ते डीसी अडवा, साधारण 0.5 हर्ट्झखालचं सगळं गेलं, मग ओपीए333 ने (हाही कमी करंटचा अँप्लिफायर) आणखी 200 पट करा, शेवटी 39 किलोओहम आणि 0.1 मायक्रोफॅरड, 40 हर्ट्झच्या वरचं बरंचसं उतरतं. सेलच्या 3 व्होल्टच्या मधला 1.5 व्होल्ट दोन 1 मेगओहमनी पाडून अजून एका ओपीए333 मधून काढा आणि तिसरा इलेक्ट्रोड त्यालाच जोडा, नाहीतर इनपुट लोंबकळत राहतं.

हे सगळं मिळून 100 मायक्रोअँपच्या आत, म्हणजे सीआर2032 वर अडीच-तीन महिने आरामात. खरा खादाड ब्लूटूथ! त्याला वेगळे दोन ट्रिपल ए सेल द्या आणि दर सॅम्पलला (मोजलेल्या प्रत्येक आकड्याला) रेडिओ उठवू नका, पन्नासेक जमले की एकदम पाठवा.

आता आपल्याकडची गोष्ट. आमच्या फोंड्याला आषाढात माझं बोर्ड वेड्यासारखं वरखाली डोलायला लागलं, दोन रात्री मी कोड तपासत बसलो, आणि निघालं काय तर सोल्डरिंगचा फ्लक्स तसाच राहिलेला, त्याने ओल धरलेली, 3.3 मेगओहमच्या बाजूने करंट झिरपत होता. जुन्या टूथब्रशने आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून घासा, टेबल लॅम्पखाली चांगलं वाळवा. आणि चवथीत (गणेशचतुर्थीत) माटोळीला, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या मंडपीला, लायटिंगच्या माळा सोडल्या असतील तर त्या खोलीत बसूच नका.

टेस्ट सोपी आहे. एक इलेक्ट्रोड डोक्याच्या मागच्या उंचवट्याजवळ, एक कानामागे, तिसरा दुसऱ्या कानामागे, त्वचा आणि इलेक्ट्रोडच्या मध्ये वीजवाहक पेस्ट. डोळे मिटले की दहाएक सेकंदांत 8 ते 13 हर्ट्झची लाट फुगते, उघडले की बसते, जर्मन डॉक्टर हान्स बर्गरने 1929 साली छापलेल्या अल्फा लहरी त्या ह्याच. माझ्या येत होत्या, आईच्या काही केल्या येईनात, मी परत सोल्डरिंग तपासायला घेतलं तर आई म्हणते, "अरे, सकाळीच खोबरेल चोपडलंय मी." केस धुऊन या म्हटलं.