सुतारी बाकाच्या व्हाइससाठी ५० मिमीचा लाकडी स्क्रू आणि नट

व्हाइसच्या, म्हणजे बाकावर लाकूड आवळून धरणाऱ्या शिकंज्याच्या, दोन इंच जाडीच्या लाकडी स्क्रूला आटे पाडायला आटे कातणारं लेथ लागत नाही, महागडा टॅपही (नटमध्ये आटे पाडायचं हत्यार) लागत नाही. लागतो तो नीट चीर मारलेला एक लाकडी दांडा. आधी त्याच्याच मदतीने नटमध्ये आटे पडतात आणि नंतर स्क्रूवरही. दोन्हीकडची पिच (एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर) एकाच चिरेतून आली, की ती नेमकी १२ मिमी आहे की ११.९, याने काही बिघडत नाही. स्क्रू एका साधनाने आणि नट दुसऱ्याने केला, तर मात्र आट्यामागे ०.१ मिमीचा फरक सहा आट्यांत अर्धा मिलिमीटर होतो आणि स्क्रू मध्येच आवळून बसतो. म्हणून क्रम असा ठेवावा: दांडा, मग नट, सगळ्यात शेवटी स्क्रू.

मापं आधी पक्की करून घ्या, कारण सगळी एकमेकांना बांधलेली आहेत. पिच १२ मिमी, आट्याचा कोन ९० अंश. स्क्रूचा बाहेरचा व्यास ४९.५ मिमी, आट्याची खोली ५.५ मिमी, म्हणजे तळाचा व्यास ३८.५. नटचं भोक ४० मिमी आणि त्यातल्या आट्याची खोलीही ५.५, म्हणजे आत ५१ मिमीपर्यंत. यात आट्याच्या माथ्यावर १ मिमीचा सपाट भाग उरतो आणि स्क्रू-नटमध्ये पुढे-मागे अर्धा मिलिमीटर ढिलाई राहते. माथा सुरीसारखा धारदार करायचा मोह टाळावा. लाकडाची धार पहिल्याच धक्क्याला तुटते.

स्क्रूसाठी घट्ट, बारीक पोताचं लाकूड हवं. शिसव आणि बाभूळ दोन्ही चालतात, हेदू मिळाला तर कातायला फारच छान, आणि बाजारात मिळणारं बीचही उत्तम. साग इथे नको. त्याचा पोत भरड असतो आणि आट्यांचे माथे कणाकणाने झडतात. दांडा आणि जिग (काम धरून चालवणारे ठोकळे) मात्र सागाचे करावेत, कारण साग हलत नाही आणि त्यांच्यावर जोरही येत नाही. स्क्रूच्या तुकड्यात गाभा नसावा, गाठ नसावी, लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाव्यात. तिरप्या रेषेचा स्क्रू कातताना चांगला दिसतो आणि आवळताना तुटतो. ८० × ८० × ५६० मिमीचा तुकडा घेऊन आधी जाडसर कातून ठेवा, दोन-तीन आठवडे वाळू द्या, मगच शेवटच्या मापाला आणा. घरी लेथ नसेल तर कातकाम करणाऱ्याकडे कागदावर मापं काढून द्या: टोकाला २० मिमी व्यासाची ४० मिमी लांब खुंटी, मग ४९.५ मिमी व्यासाचा ३७० मिमी भाग (त्यातले ३०० मिमी आट्यांचे), आणि शेवटी ७५ मिमी व्यासाचं ११० मिमीचं डोकं. डोक्यात मुठीसाठी २५ मिमीचं आडवं भोक.

आता दांडा. व्यास ३९.५ मिमी, लांबी ५०० मिमी. कागदाची पट्टी दांड्याभोवती गुंडाळून, जोडावर टोचा मारून परीघ घ्या. तो १२४ मिमीच्या आसपास येईल, पण गणितावर नाही, टोच्यावर विश्वास ठेवा. तेवढ्या रुंदीच्या कागदावर दोन्ही उभ्या कडांना दर १२ मिमीवर खुणा करा आणि डावीकडची प्रत्येक खूण उजवीकडच्या एक घर वरच्या खुणेला जोडा. दांडा उभा धरल्यावर रेषा डावीकडून उजवीकडे चढत जायला हव्यात. उलट चढल्या तर स्क्रू डाव्या हाताचा होईल. कागद चिकटवताना जोडावर प्रत्येक रेष पुढच्या रेषेला अचूक मिळाली पाहिजे. इथे एक मिलिमीटर चुकला तर प्रत्येक फेरीत त्याच जागी झोल येतो आणि तो पुढे काढता येत नाही.

एका टोकाचे ८० मिमी सोडून उरलेल्या लांबीवर, बारीक दातांच्या करवतीने रेषेवर ४ मिमी खोल चीर पाडा. करवतीच्या पात्याला ४ मिमीवर लाकडी पट्टी क्लँप केली की खोली आपोआप सारखी राहते. दांडा हळूहळू फिरवत जायचं, घाई करायची नाही. पूर्ण कामात सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यावं. चीर ज्या टोकापर्यंत जाते त्या टोकाला, मधोमध २० मिमीचं ४५ मिमी खोल भोक पाडा (स्क्रूची खुंटी यात बसेल) आणि टोकापासून २० मिमीवर १० मिमीचं आडवं भोक आरपार न्या.

दांडा चालवणारा ठोकळा ५० मिमी जाड, त्यात ४० मिमीचं भोक. त्याच्या वरच्या बाजूने भोकापर्यंत एक तिरपी फट पाडा, साधारण साडेपाच अंशांची, दांड्यावरच्या चिरेला समांतर. या फटीत चिरेच्या जाडीची, १२ मिमी रुंद लोखंडी पट्टी बसवा, जी भोकात ३ मिमी डोकावेल. पट्टीची आतली कड कानशीने किंचित अंतर्वक्र करा, नाहीतर तिचा मधला भाग चिरेच्या तळाला घासतो. दांडा फिरवला की तो एका फेरीला १२ मिमी सरकला पाहिजे, न अडखळता. अडत असेल तर पट्टी घासा, चीर रुंद करू नका.

नट

नटचा ठोकळा ७५ मिमी जाड घ्या, म्हणजे सहा आटे धरतात. भोक लाकडाच्या रेषांना आडवं गेलं पाहिजे. रेषांच्या दिशेने भोक पाडलं तर आटे भारासरशी सोलून निघतात. लांब ड्रिलने आधी बारीक भोक आरपार पाडून घ्या आणि ड्रिल प्रेसवर ४० मिमीच्या फोर्स्टनर बिटने (सपाट तळाचं रुंद भोक पाडणारं बिट) दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत या.

कापायचं पातं १२ मिमीच्या जुन्या पटाशीतून करता येतं. टोक ९० अंशांचं घासा, दोन्ही बाजूंना १२ अंशांचा मागचा उतार द्या. हा उतार कमी पडला तर पातं कापण्याऐवजी घासत राहतं, कारण आटा स्वतःच साडेपाच अंश तिरपा चाललेला असतो. घासताना पातं पाण्यात बुडवत राहा. निळं पडलं तर पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. दांड्याच्या चीर नसलेल्या टोकापासून ६० मिमीवर पात्यासाठी ३० मिमी खोल, बंद तळाची खाच करा. पात्याची कापणारी बाजू दांड्याच्या मध्यरेषेवर आली पाहिजे, म्हणून खाच मध्यापासून थोडी बाजूला पडते. पात्यासमोर गोल पटाशीने छोटा खड्डा करा. छिलका मावायला जागा नसेल तर तोच पात्याला मागे ढकलतो. पातं पाचरीने घट्ट करावं.

दांडा चालवणारा ठोकळा नटवर ३० मिमीच्या दोन ठेपण्या घालून बसवा. ठोकळा पक्का करणारे लोखंडी स्क्रू आवळण्याआधी दांडा दोन्ही भोकांतून घालून बघा, म्हणजे भोकं एका रेषेत येतात. नटच्या खाली ४० मिमी भोकाची फळी क्लँप करा, म्हणजे पातं बाहेर पडताना लाकूड फाटत नाही. नटच्या भोकाला आदल्या रात्री अळशीचं तेल पाजलेलं असावं, काप स्वच्छ येतो. दांड्याच्या वरच्या भोकात १० मिमीची लोखंडी सळई घातली की मूठ तयार.

पातं आधी नुसतं टेकेल इतकं ठेवून एक फेरी खालपर्यंत न्या, उलटं फिरवून वर आणा, पात्यामागे व्हिजिटिंग कार्डाचा एक तुकडा सरकवा, पुन्हा खाली. एक कार्ड साधारण ०.३ मिमी, म्हणजे अठराएक फेऱ्या. कार्डांचा गठ्ठा २ मिमी झाला की त्याजागी तेवढ्याच जाडीची लाकडी चकती घाला, कारण जाड गठ्ठा दबतो. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांना कार्डाऐवजी साधा कागद वापरा. पातं दांड्याबाहेर ५.७५ मिमी आलं की थांबा.

स्क्रू

एका सरळ पाटावर चालवणारा ठोकळा पक्का करा आणि त्यापासून ३३० मिमीवर ट्रिमरची (हातात धरायच्या छोट्या राउटरची) पेटी. पेटी म्हणजे १०० मिमी लांब ठोकळा, त्यात ५० मिमीचं भोक, आणि भोकावर फक्त ६ मिमी लाकूड उरेल असा वरून रंधलेला. जाडी जास्त ठेवली तर ट्रिमरचं बिट खाली पोचत नाही. वर मध्यरेषेवर बिटसाठी १६ मिमीचं भोक. ट्रिमर इथे अचूक मध्यरेषेवरच बसला पाहिजे. बाजूला सरकला तर आट्याची एक बाजू उभी आणि दुसरी आडवी येते. बिट ९० अंशांचं, व्ही आकाराचं, १२.७ मिमी रुंद. शँक (बिटचा दांडा) ६ मिमी आहे की पाव इंच, ते कोलेटशी (बिट पकडणाऱ्या ट्रिमरच्या चिमट्याशी) जुळवून घ्या. ही दोन मापं एकमेकांत चालवू नयेत.

स्क्रूची खुंटी दांड्याच्या भोकात घाला आणि दांड्याच्या आडव्या भोकातून खुंटीतही १० मिमीचं भोक आरपार पाडून सळईच्या तुकड्याने जोडा. खुंटी आणि दांडा दोन्हींवर एक सरळ बाण काढा. स्क्रू काढून पुन्हा उलटा जोडला तर आटे अर्ध्या पिचने सरकतात आणि काम वाया जातं.

बिट लाकडाला नुसतं टेकलं की तो शून्य. तिथून पहिल्या वेळी २.५ मिमी, दुसऱ्या वेळी ४.५, तिसऱ्या वेळी ५.५. स्क्रू डोक्याकडून घड्याळाच्या दिशेने फिरवा, एका फेरीला किमान १५ सेकंद द्या. भराभर फिरवलं तर रेषा उलट्या येतात त्या बाजूला माथे उडतात. प्रत्येक वेळी ट्रिमर बंद करून, बिट वर घेऊन, स्क्रू मागे आणा. शिसवाची धूळ घशाला आणि त्वचेला त्रास देते, मास्क आणि चष्मा न चुकता लावा.

तिसऱ्या वेळेनंतर स्क्रू सोडवून नटमध्ये फिरवून बघा. ४० च्या भोकातून खुंटी सहज जाते. घट्ट वाटलं तर बाण जुळवून पुन्हा जोडा आणि बिट आणखी ०.२५ मिमी खाली घ्या. ९० अंशांच्या आट्यात तेवढ्याने अर्धा मिलिमीटर ढिलाई वाढते. याहून जास्त गरज पडली तर स्क्रूला दोष देण्याआधी नटमधलं पातं पूर्ण बाहेर आलं होतं का ते तपासा.

उन्हाळ्यात बनवलेला स्क्रू जुलैत फुगतो. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, त्यामुळे पिच तशीच राहते, पण व्यास वाढतो आणि तोही एकाच दिशेने जास्त, म्हणून स्क्रू किंचित लंबगोल होतो. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी मे महिन्यात काम करताना तो ०.२५ मिमीचा जादा काप आधीच देऊन ठेवावा.

झडलेला माथा पातळ सुपरग्लूने लगेच चिकटवा, तुकडा हरवण्याआधी. आटे केसाळ आले असतील तर बिट बोथट आहे. सँडपेपरने घासत बसण्यापेक्षा नव्या बिटने त्याच खोलीवर एकदा फिरवा. सगळं जुळल्यावरच खुंटी कापा, पहिल्या आट्याला ४५ अंशांचा उतार द्या, दोन्ही टोकांना अळशीचं तेल पाजा आणि ते वाळल्यावर आट्यांवर मेण चोळा. वॉर्निश नको, ते आट्यांत साचून चिकटतं.