स्वतःचा फायबर मोडेम घेण्याआधी

वळवाच्या विजा सुरू झाल्या की कोकणात मोडेम जळतातच. नवा मोडेम स्वतःचा घ्यायचा असेल, तर दुकानात जाण्याआधी लाइनमनला विचारा: आपली लाइन जीपॉन की ईपॉन (फायबर नेटचे हे दोन प्रकार)? दिसायला दोन्ही मोडेम सारखे, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. खात्री नसेल तर दोन्हींवर चालणारा, एक्सपॉन लिहिलेला घ्या. काही कंपन्या बाहेरचा मोडेम स्वीकारतच नाहीत, तेही आधीच विचारून ठेवा. तसं असेल तर त्यांच्याच मोडेमला आपला राउटर जोडायचा.

मोडेम नुसता जोडून नेट येत नाही. पाठीमागच्या स्टिकरवरचा जीपॉन सिरियल नंबर, ईपॉन असेल तर मॅक (मोडेमचा ओळख क्रमांक), कंपनीला त्यांच्याकडे नोंदवावा लागतो. स्टिकरचा फोटो पाठवा, फोनवर आकडे सांगताना चुकतात. पीपीपीओई (नेटच्या लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड आणि मोडेमच्या सेटिंगमध्ये भरायचा व्हीलॅन नंबर वहीत लिहून घ्या. लँडलाइन त्याच मोडेमवर असेल तर तिची सेटिंगही मागून घ्या, ती हमखास राहते.

फायबरचं हिरवं टोक हिरव्याच खाचेत. निळ्यातही ते बसतं, पण सिग्नल कमजोर होतो. एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकला तर आधी हेच बघा.

आणि आभाळ गडगडलं की अ‍ॅडाप्टर उपटून ठेवा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, ती येते घरच्या लाइटमधून.