अर्धा गहू, थोडं मीठ: घरी गोझे करताना

लायप्झिगला राहायला आले त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा गोझे प्यायले. धणे-मीठ घातलेल्या आंबट ताकाची आठवण झाली आणि ही बिअर घरी करायचीच असं ठरवलं. ती मूळची जर्मनीतल्याच गोस्लार गावची, तिथल्या गोझे नदीच्या नावाची. लायप्झिगमध्ये ती बनवणारा शेवटचा कारखाना १९६६ मध्ये बंद पडला. १९८६ मध्ये लोथार गोल्डहान यांनी 'ओने बेडेंकेन' हा जुना गुत्ता पुन्हा उघडला. जुन्या पिणाऱ्यांना चव कशी होती ते विचारून विचारून त्यांनी ही बिअर परत आणली.

दहा लिटरसाठी १ किलो १०० ग्रॅम गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि ९०० ग्रॅम पिल्सनर, म्हणजे फिकट बार्ली माल्ट घ्या. गहू अर्ध्याच्या खाली नेऊ नका. पण गव्हाच्या माल्टला तूस नसतं, त्यामुळे चोथ्याचा चिखल होतो आणि माल्टचा गोड रस गळता गळत नाही. याच भीतीने मी पहिल्यांदा गहू कमी घातला आणि बिअर पाणचट झाली. उपाय सोपा आहे: १०० ग्रॅम भाताची तुसं धुऊन माल्टमध्ये मिसळा.

सात लिटर पाणी ७२ अंशांवर आणून त्यात दळलेलं माल्ट घाला. मिश्रण ६६ अंशांवर स्थिरावतं. तासभर झाकून ठेवा, मग गाळा. चोथ्यावरून ७६ अंशांचं आणखी सात लिटर पाणी हळूहळू सोडा. घाई केली की गाळणी तुंबलीच.

आता आंबवणं. सगळा जीव इथे आहे. रस दहा मिनिटं उकळून ४५ अंशांपर्यंत निववा. थोडं लॅक्टिक आम्ल (दह्यातलं आम्ल) घालून पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ४.५ करा (आकडा जितका कमी तितकं आंबट), म्हणजे नको ते जंतू माजत नाहीत. मग मूठभर अख्खं, न दळलेलं बार्ली माल्ट कापडात बांधून सोडा. आंबवणारे जंतू त्याच्या सालीवरच असतात. रसाला चिकटेल असं प्लास्टिक अंथरा, हवा लागू देऊ नका. मी पातेलं दोन दिवस कोमट ओव्हनमध्ये ठेवते. वास इडलीच्या पिठासारखा किंवा दह्यासारखा यायला हवा. ओकारीसारखा आला तर मन घट्ट करून सगळं ओतून द्या.

पीएच ३.४ झाला की पुरचुंडी काढून रस पंधरा मिनिटं उकळा. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आत्ताच, तेही पाच ग्रॅमच. आधी घातले तर ते जंतूंना आंबवूच देत नाहीत. शेवटच्या पाच मिनिटांत १० ग्रॅम भरड कुटलेले धणे आणि ८ ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ. खारटपणा जिभेला कळता न कळता लागावा.

रस निवून २० अंशांवर आला की एल यीस्ट (एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट) घाला. दोन आठवडे थांबा. सलग तीन दिवस घनता (रसात किती साखर उरली ते सांगणारं माप) तीच आली, तरच ६५ ग्रॅम साखर विरघळवून जाड काचेच्या बाटल्यांत भरा.