योगा क्लासमध्ये म्युझिक लावताय? या चुका टाळा

म्युझिक जड जातंय असं विद्यार्थी सहसा तोंडावर सांगत नाहीत. ते सूचना चुकवतात. तुम्ही डावा पाय म्हणता, मागच्या रांगेतले दोघं उजवा पुढे घेतात, कोणीतरी मान वळवून शेजारच्याकडे बघतं, आणि आपल्याला वाटतं यांचं लक्षच नाहीये. बऱ्याचदा ऐकूच गेलेलं नसतं.

यात पहिला संशय स्पीकरच्या जागेवर घ्या. स्पीकर मागच्या कोपऱ्यात असला की तुम्हाला पुढे म्युझिक हळू वाटतं, तुम्ही व्हॉल्यूम वाढवता आणि मागच्यांच्या कानाशी नुसता दणदणाट. बरं, अधोमुख श्वानासनात डोकं खाली, चेहरे मॅटकडे, म्हणजे तुम्हाला बघून करायचीही सोय नाही, सगळी भिस्त आवाजावर. क्लासच्या आधी म्युझिक लावून मागच्या मॅटवर जाऊन स्वतः आडवं व्हा, कोणालातरी पुढे उभं करून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. एकही शब्द ताणून ऐकावा लागला तर व्हॉल्यूम कमी. स्पीकर जमिनीवरही ठेवू नका, लाकडी फ्लोअर असेल तर बेस थेट पाठीत घुमतो.

दुसरी गडबड लयीची. ६० बीपीएमचं म्युझिक म्हणजे सेकंदाला एक ठोका, चार ठोक्यांत श्वास आत आणि चारात बाहेर धरला तर एका श्वासाला ८ सेकंद लागतात, संथ सूर्यनमस्काराला हे छान बसतं. ज्यांना ते लांब पडतं त्यांना मात्र ठोक्यामागे ओढू नका, त्यांनी आपल्या श्वासाने चालावं. म्हणूनच मला ठळक ठेका नसलेलं, तानपुऱ्यासारखं अखंड सुरावटीचं म्युझिक जास्त सोयीचं वाटतं. शब्द असलेली गाणी तर नकोच, ओळखीचं गाणं लागलं की माणूस मनात गायला लागतो. मंत्र लावायचे असतील तर आधी विचारून घ्या, सगळ्यांनाच ते चालतात असं नाही.

प्राणायामाला म्युझिक बंद, यावर मी अजिबात तडजोड करत नाही. उज्जायीत घशातला बारीक आवाज ऐकायचा असतो, भ्रामरीत तर स्वतःचा गुंजारव हाच सगळा खेळ, त्यावर बासरी कशाला?

फक्त इथे एक गंमत होते. म्युझिक थांबवलं की थोड्या वेळाने बरेच ब्लूटूथ स्पीकर आपोआप बंद होतात, आणि जाता जाता जोरात बीप देतात किंवा चक्क बोलतात, तेही सगळे डोळे मिटून बसलेले असताना 😅 ऑटो-ऑफ सेटिंग बंद करता येत असेल तर करा, नाहीतर प्राणायामाआधी स्पीकर स्वतःच बंद करून टाका. शवासनात जाहिरात किंवा फोनची रिंग वाजणं हा दुसरा नेहमीचा घोळ. ट्रॅक डाउनलोड करून ठेवा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, त्यात ब्लूटूथही गेलं तर तेवढंच परत चालू करा. ऑटोप्ले बंद आहे ना ते बघा, नाहीतर तुमची लिस्ट संपल्यावर ॲप स्वतःच्या मनाने काहीही लावतं. आणि एक लांब प्लेलिस्ट करण्यापेक्षा वॉर्मअप, मुख्य भाग आणि शवासन अशा वेगळ्या करा, म्हणजे क्लास लांबला तरी शवासनाचा ट्रॅक वीरभद्रासनात वाजणार नाही.

ऑनलाइन क्लासला खोलीत स्पीकर लावून झूमवर बोलू नका, झूम म्युझिकला गोंगाट समजून कापतं आणि समोरच्याला तुटक तुटक ऐकू येतं. स्क्रीन शेअर करताना साउंड शेअर करायचा ऑप्शन असतो, तो वापरा. स्पॉटिफायचं साधं अकाउंट वैयक्तिक वापरापुरतंच असतं, पैसे घेऊन चालवलेल्या क्लाससाठी नाही, तेव्हा लायसन्स असलेलं म्युझिक शोधा. रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकणार असाल तर तो क्लास सरळ म्युझिकशिवाय घ्या, कॉपीराइट क्लेम आला आणि त्या भागाचा आवाज म्यूट करायची वेळ आली तर तुमच्या सूचनाही सोबत जातात.