खाणीखालच्या ओढ्याचं पाणी कसं तपासायचं

कोळसा खाणीविरुद्धची तक्रार 'पाणी खराब झालंय' एवढ्यावर टिकत नाही. आकडे लागतात, तेही तुलनेचे. खाणीचं पाणी ओढ्याला मिळतं त्याच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला दोन जागा ठरवा. वरची गाळलीत तर 'ओढा आधीपासून तसाच होता' या उत्तरापुढे गप्प बसावं लागतं.

दोन मीटर लागतात: पीएचचं (पाणी किती आम्लधर्मी ते कळतं; 7 म्हणजे ना आम्ल ना अल्कली) आणि वाहकतेचं (विरघळलेले क्षार वाढले की वाहकता वाढते). निघण्यापूर्वी पीएच मीटर 4 आणि 7 च्या बफरने, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणाने जुळवा, वाहकता मीटर 1413 मायक्रोसीमेन्सच्या द्रावणाने. पीएचचा इलेक्ट्रोड (मीटरचं पाण्यात बुडवायचं टोक) शुद्ध पाण्यात ठेवू नका, तो बिघडतो.

प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा, तळ ढवळू नका. बाटली ओढ्याच्याच पाण्याने तीनदा विसळा, मग वीतभर खोल धरून भरा. धातूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेने आम्ल घालून दिलेली बाटली मात्र अजिबात विसळायची नाही.

दगडांवर केशरी, बुळबुळीत थर दिसला तर जवळून फोटो घ्या. खडकातल्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाला हवा-पाणी लागून आम्ल आणि लोह सुटतं, त्याची ती खूण. पण पीएच 7 आला म्हणून निश्चिंत होऊ नका. चुनखडी आम्ल मारते, पण त्यातलं सल्फेट पाण्यात तसंच राहतं आणि वाहकता चढते. फसगत बहुतेकदा इथेच होते, म्हणून दोन्ही आकडे हवेत.

प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ लिहा. ती हातातून हातात जाताना दोघांच्या सह्या घ्या. बाटल्या बर्फात ठेवा. पावसाची नोंद करा, पहिल्या मोठ्या सरीनंतर पुन्हा जा. खाणीच्या कुंपणात शिरू नका, नमुना सार्वजनिक जागेवरूनच घ्या.